१६ हजार, ४५ हजार की लाख? झेडपी शिक्षकाचा पगार खरंच किती असतो?

पारनेरकर_चाकण
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण डीएड झालेली, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास, भरतीची अभियोग्यता चाचणी पण दिली होती आणि आता शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून पालघर जिल्हा परिषदेत तिची निवड झालीय. घरात पेढे वाटून झाले. आईने तर गावातल्या मारुतीला नारळ पण फोडला. पण मुद्दा असा की आमचे मामा म्हणतात सरकारी मास्तरणीला लाखभर पगार असतो, चुलते म्हणतात पन्नास तरी असेल, आणि ऑर्डरवर लिहिलंय १६०००. मी स्वतः चाकणला कंपनीत आहे, ओव्हरटाइम धरून २४ पडतात, म्हणजे सरकारी नोकरीवाली बहीण माझ्याहून कमी घेणार आणि वर घरापासून अडीचशे किलोमीटर लांब राहणार? तिकडे खोली भाड्याने घेऊन हातात काय उरेल ते पण समजत नाहीये. शिवाय स्थळं यायला लागलीत, ती लोकं सरळ विचारतात "मुलीला हातात किती येतात", काय सांगायचं? कोणी आत असलेलं असेल तर जरा नीट फोड करून सांगा.

बाकावरचा_शेवटचा
लाख म्हणून सांगा. स्थळ पक्कं झाल्यावर शासन निर्णय दाखवा.

खडू_डस्टर
पारनेरकर, तुमचे मामा पण बरोबर, चुलते पण बरोबर आणि ऑर्डर तर बरोबर आहेच. गंमत वाटेल पण झेडपी शिक्षकाचा पगार असा एक नसतोच.

आमचीच शाळा घ्या. सातवीपर्यंतची, तालुक्यापासून १८ किमी. व्हरांड्यात लायनीत सहा वर्ग. पहिलीला एक पोरगी आहे, मागच्या वर्षी लागली, शिक्षणसेवक, १६०००. दुसरीला वस्तीशाळेवरून आलेले सर, त्यांनी हजार रुपये मानधनापासून सुरुवात केलेली, २०१४ ला नियमित झाले पण आधीची वर्षं पगाराला धरलेलीच नाहीत, त्यामुळे वयाने माझ्यापेक्षा मोठे आणि पगाराने लहान. चौथीला मी, २००९ चा. पाचवीला एक मॅडम २००३ च्या, त्यांना जुनी पेन्शन. आणि तिसरीची जागा रिकामी होती तिथे मागे एक निवृत्त गुरुजी २०००० मानधनावर येऊन गेले. सगळ्यांचं काम तेच, परिपाठ तोच, खिचडीचं रजिस्टर तेच, यूडायसची (शाळेची सरकारी ऑनलाइन नोंद) माहिती तीच. पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवलं तर माणूस चक्रावेल.

आता तुमच्या बहिणीचं. पहिली तीन वर्षं ती शिक्षणसेवक, म्हणजे १६००० मानधन, त्यावर डीए (महागाई भत्ता) नाही घरभाडं नाही वार्षिक वाढ नाही. तीन वर्षं पूर्ण झाली की नियमित वेतनश्रेणी, सातव्या वेतन आयोगाची एस १०, म्हणजे २९२०० ते ९२३००. सुरुवात २९२०० मूळ वेतनाने. त्यावर महागाई भत्ता २०२५ च्या ५५ टक्के दराने १६०६०, घरभाडं खेड्यात १० टक्के म्हणजे २९२०, वाहतूक भत्ता १३५०. झाले ४९५३०. हे तुमच्या चुलत्यांचे पन्नास. त्यातून एनपीएसचे, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचे, १० टक्के (मूळ आणि डीए मिळून) ४५२६ गेले, व्यवसाय कर २०० गेला, गटविमा थोडा गेला. हातात ४४ हजार आणि काहीतरी. तोवर डीए वाढलेला असेल म्हणजे थोडे जास्त पकडा.

माझं सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. मूळ ४३६००, सगळं मिळून ७३२९०, एनपीएस ६७५८ जातात. सोसायटीचा हप्ता, एलआयसी जाऊन जे येतं ते बायको सांगते मला माहिती नाही.

मोहोळची_मॅडम
मी ती लाखवाली 😀 मामांना सांगा सापडली म्हणून.

माझं मूळ ६०४००, डीए ३३२२०, घरभाडं ६०४०, वाहतूक १३५०. बेरीज करा, १०१०१० होते. दिसायला पण छान दिसतो आकडा. पण हे २२ वर्षांच्या नोकरीनंतर हो. मी लागले तेव्हा शिक्षणसेवकाला ३००० होते आणि ते तीन तीन महिने यायचे नाहीत, आले की एकदम ९००० यायचे आणि त्यातले निम्मे किराणावाल्याला जायचे. आमच्या वडिलांनी डीएडच्या फीसाठी दोन म्हशी विकल्या होत्या, ते गमतीत म्हणायचे की दोन म्हशींचं दूध यापेक्षा बरं होतं. त्या वेळी डीएडची काय क्रेझ होती ते आताच्या पोरांना कळणार नाही, बारावीला चांगले मार्क पडलेली मुलं इंजिनिअरिंग सोडून डीएडला यायची, लगेच नोकरी म्हणून.

पुढे त्या ३००० चे ६००० झाले आणि ते सहा हजार कित्येक वर्षं तसेच राहिले. २०२३ च्या जानेवारीपासून १६००० झाले, माध्यमिकला १८ आणि ज्युनियर कॉलेजला २०. म्हणजे पारनेरकर भाऊ, तुमची बहीण त्या मानाने नशिबाची. तिच्या आधीच्या बॅचने ६००० मध्ये खोलीभाडं भरलंय.

आणि बाईमाणसाला आणखी एक, महिलांना पंचवीस हजारापर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे तिला १६ चे १६ मिळतील, २०० कापू दिले तर कार्यालयात विचारा.

करदाता_नाशिक
वाचून करमणूक झाली. लाख रुपये पगार, दिवाळीची सुट्टी, मे महिना सुट्टी, आणि पाचवीच्या पोराला दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही. माझ्या घरासमोरचे गुरुजी रोज सकाळी नाशिकवरून गाडीने जातात शाळेवर, राहतात शहरात आणि गावात राहतो असं दाखवून घरभाडं भत्ता उचलतात. याला काय म्हणायचं? मग गंगापूरचे आमदार प्रशांत बंब २०२२ साली तेच बोलले तर सगळे मोर्चे घेऊन निघाले.

डोंगरपाडा
करदाता साहेब, मुख्यालयी म्हणजे नोकरीच्या गावी राहण्याचा मुद्दा तुमचा चूक नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो तो कसा मिळतो ते मला पण माहितीये. पण एकदा आमच्या पाड्यावर या. मी धडगाव तालुक्यात आहे, सातपुड्यात. पाड्यावर एकूण ४० घरं, सगळी कुडाची नाहीतर पत्र्याची, एकेका घरात आठ माणसं आणि बकऱ्या. भाड्याने खोली कोण देणार? मी पहिलं वर्ष शाळेतच झोपलो. दोन बाक जोडून त्यावर गादी, सकाळी पोरं यायच्या आत गादी गुंडाळून कपाटावर. पावसाळ्यात नाला भरला की तीन दिवस तिकडेच, मग भत्ता न मागता पण मुख्यालयी राहायला होतं. शिक्षकांसाठी घरं बांधली असती तर हा भत्त्याचा वाद शिल्लकच राहिला नसता, पण ते कोणी बोलत नाही.

पारनेरकर दादा, पालघरचा तालुका कुठला मिळतोय? जव्हार मोखाडा साइडला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वेतनश्रेणी आहे, म्हणजे त्या भागात काम करता तोवर वरच्या पदाची श्रेणी मिळते. शिक्षणसेवक असताना नाही, नियमित झाल्यावर. सोबत प्रोत्साहन भत्ता मूळ वेतनाच्या १५ टक्के, ऐकायला भारी वाटतो, पण कमाल मर्यादा १५००. २००२ साली १५०० म्हणजे शिक्षणसेवकाचा अर्धा पगार होता, आज गाडीच्या पेट्रोलला पंधरा दिवस पुरत नाही.

आणि एकस्तरमध्ये एक खड्डा आहे तो आत्ताच दाखवून ठेवतो. बदली होऊन खाली आलात की श्रेणी परत जुनी, म्हणजे पगार कमी होतो. माणूस म्हणतो ठीक आहे. पण कार्यालयातल्या बाबूने ते वेळेवर कमी केलं नाही तर पाच सात वर्षांनी वेतन पडताळणीवाले पकडतात आणि सगळं एकदम वसूल. माझ्या मित्राला १ लाख ८० हजाराची वसुली लागली, चूक त्याची नव्हती, फिक्सेशन (वेतननिश्चिती) करणाऱ्याची होती, तो कारकून तोवर रिटायर होऊन गेला होता. त्यामुळे सेवापुस्तकाची दुय्यम प्रत स्वतःजवळ ठेवायची, प्रत्येक नोंदीची झेरॉक्स. हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं असतं तसं सांगतोय.

करदाता_नाशिक
राहण्याचं मान्य. वाचनाचं उत्तर दिलं नाही.

डोंगरपाडा
आमच्याकडे पोरं घरात पावरी बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत. पहिलीचे पाच महिने मला त्यांची भाषा शिकण्यात गेले. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात एक जण महिन्यातले सहा दिवस मीटिंगला, प्रशिक्षणाला, निवडणूक असेल तर बीएलओच्या कामाला. तरी चौथीची १४ पैकी ११ वाचतात. उरलेली तीन वाचत नाहीत ही माझी लाज आहे, तुमचं बरोबर.

टप्पा_अनुदान
इथे झेडपीवाल्यांचं चाललंय ते ठीक, पण सरकारी पगाराचा विषय निघालाच आहे तर आमचं पण ऐका. मी खाजगी संस्थेच्या माध्यमिक शाळेत, मान्यता "कायम विनाअनुदानित". २००९ ला त्यातला "कायम" शब्द काढला, आम्ही फटाके वाजवले. २० टक्के अनुदान यायला २०१६ उजाडलं. मग ४०, मग ६०. लोकांना वाटतं शाळेला २० टक्के अनुदान म्हणजे शाळेला काहीतरी खर्चाला मिळतं. नाही हो. पगाराच्या २० टक्के पगार. म्हणजे समजा पगारपत्रकात ५०००० बसतात तर मिळणार १०००० आणि बाकीचे संस्थेने द्यायचे असतात. संस्था देते का हे विचारू नका.

जुलै २०२५ ला आझाद मैदानात पावसात बसलो होतो, चिखलात ताडपत्री अंथरून. पुढचा २० टक्क्यांचा टप्पा द्यायचं कबूल झालं तेव्हा उठलो. माझं वय ४९ आहे. निवृत्ती ५८ ला. शंभर टक्क्यावर पोचेन तेव्हा किती वर्षं राहतील ते तुम्हीच हिशोब करा, माझं गणित चांगलं आहे म्हणून मी करत नाही.

आणि पेन्शनचा वेगळाच फास. माझ्यासारखे कितीतरी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेत. पण त्या तारखेला शाळा शंभर टक्के अनुदानावर नव्हती म्हणून आम्ही नव्या योजनेत. नेमणूक आधीची, काम आधीपासूनचं, पण सरकारच्या हिशोबाने आम्ही जन्मलोच नव्हतो.

इंग्लिश_मिडीयमची_टीचर
तुम्हाला निदान टप्पा तरी आहे. मी बीएड, तालुक्याच्या ठिकाणी एका इंग्लिश मिडीयम शाळेत, नाव सांगत नाही. बँकेत १८००० जमा होतात, दोन तारखेला त्यातले ९००० काढून ऑफिसात रोख परत द्यायचे. पावती नाही. मे महिन्याचा पगार नाही. वर्गात ५२ मुलं. ज्यांना १६००० कमी वाटतात त्यांनी माझ्या जागी एक सत्र काढून बघावं. मी पण अभियोग्यता चाचणी दिलीय, ६ मार्कांनी राहिले.

पारनेरकर_चाकण
बापरे. मी एका वाक्याचा प्रश्न विचारला होता. सगळ्यांचे आभार, ताई तुमचं वाचून वाईट वाटलं.

बहीण हे सगळं माझ्या मोबाईलवर वाचतेय, तिचे दोन प्रश्न. एक, एनपीएसमध्ये हे जे साडेचार हजार जाणार ते परत कधी आणि कसे मिळतात? दोन, "चटोपाध्याय लागलं का" असं तिच्या ओळखीच्या मॅडम सारखं म्हणतात ते काय प्रकरण आहे? ती म्हणते विचारायला लाज वाटते.

खडू_डस्टर
हाहा, चटोपाध्याय. लाजू नका म्हणावं, आमच्यातले निम्मे लोक पण हे एखाद्या आजाराचं नाव असल्यासारखं बोलतात. चटोपाध्याय आयोगाच्या शिफारशीवरून शिक्षकांना १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी असते. प्राथमिकमध्ये पदोन्नतीची पदं मोजकी, मग माणूस तिथेच कुजू नये म्हणून ही सोय. १२ वर्षांनी एस १० वरून एस १३ मध्ये जाता, ३५४०० पासूनची श्रेणी. प्रत्यक्षात मूळ वेतनात उडी फार मोठी पडत नाही, आमच्याकडे एकाचं ४०४०० होतं ते ४२३०० झालं, पण पुढची सगळी वाढ त्या मोठ्या आकड्यावर पडते म्हणून महत्त्वाचं. निवड श्रेणी मात्र सगळ्यांना नाही, वरिष्ठ श्रेणीतल्या २० टक्के लोकांनाच, त्यामुळे बरेच जण वाट बघत रिटायर होतात.

आणि नुसती १२ वर्षं भरून चालत नाही, प्रशिक्षण लागतं. ते प्रशिक्षण कित्येक वर्षं निघतच नव्हतं. मग २०२२ ला ऑनलाइन निघालं, त्याची फी २००० रुपये, आमच्याच खिशातून. सरकारने लावलेल्या अटीसाठी सरकारलाच पैसे भरून व्हिडिओ बघायचे. माझी श्रेणी त्यामुळे उशिरा लागली, प्रस्ताव तीन वेळा त्रुटीत निघाला, एकदा तर त्रुटी काय तर "प्रस्तावास अनुक्रमणिका नाही". इतर राज्य कर्मचाऱ्यांना १०, २०, ३० वर्षांची आश्वासित प्रगती योजना आहे, ती आम्हाला लावा ही मागणी चालूच आहे.

आणखी एक सांगतो. सहावी ते आठवीला विषय शिक्षक असतात, पदवी लागते, पण पदवीधर वेतनश्रेणी त्यातल्या ३३ टक्के लोकांनाच. म्हणजे एका शाळेत गणित विज्ञानवाला, भाषावाला आणि समाजशास्त्रवाला, तिघं पदवीधर, तिघं तेच वर्ग शिकवतात, श्रेणी एकाला. उरलेले दोघं त्याच्याशी कसं बोलतात ते येऊन बघा.

मोहोळची_मॅडम
एनपीएसचं मी सांगायचं म्हणजे पोट भरलेल्याने उपासावर बोलायचं, तरी सांगते कारण माझा नवरा त्यातच आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून १० टक्के जातात आणि सरकार १४ टक्के टाकतं, ते बाजारात गुंतवलं जातं, निवृत्तीला काही एकरकमी आणि बाकीच्याची पेन्शन. त्या खात्याचा नंबर म्हणजे प्राण नंबर. आमच्या घरातला विनोद आहे की प्राण आहे पण त्यात जीव नाही, कारण सुरुवातीला डीसीपीएस या एनपीएसच्या आधीच्या योजनेच्या नावाने जी कपात झाली तिच्या हिशोबाच्या चिठ्ठ्याच यांना कित्येक वर्षं मिळाल्या नाहीत. दर महिन्याच्या पगारपत्रकात कपात दिसते, खात्यात जाऊन बघावं तर मधले महिने गायब. यांनी वहीत तक्ता करून ठेवलाय, महिना, कपात, जमा, आणि जमाच्या रकान्यात लाल पेनाने फुल्या.

२०२३ च्या मार्चमध्ये "एकच मिशन जुनी पेन्शन" म्हणून सात दिवस संप झाला तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. मला जुनीच आहे तरी गेले, नाहीतर घरात जेवण मिळालं नसतं. त्यानंतर २०२४ ला सुधारित योजना आली, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शनची, पर्याय द्यायचा असतो. ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण ऑर्डर नंतरची त्यांना त्याच वर्षी जुन्या पेन्शनची संधी पण मिळाली, आमचे हे त्यात पण बसत नाहीत, जाहिरातच नंतरची.

एकाच घरात, एकाच डब्यातली भाकरी, दोघांचा पगार जवळपास सारखा. पण मी रिटायरमेंटचं बोलले की ते विषय बदलतात.

निवृत्त_गुरुजी_सांगली
पोरांनो सगळं वाचलं. मी तो २० हजारवाला 😀 म्हणजे खडू डस्टर सरांच्या शाळेवरचा नाही, पण तसलाच. ५८ ला रिटायर झालो, सत्कार झाला, शाल श्रीफळ, पोरींनी रडून घेतलं. २०२३ ला सरकारने रिकाम्या जागांवर निवृत्तांना २०००० मानधनावर घ्यायचं काढलं तेव्हा गेलो परत. डीएडवाली तरुण पोरं आम्हाला शिव्या देत होती आणि त्यांचं खरंच होतं. मला पेन्शन चालू असताना त्या जागी मी का? मी सहा महिन्यांत सोडलं, गुडघ्याचं कारण सांगितलं.

पगार उशिरा का होतो हे कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, पोरीला उपयोगी पडेल. पैसा राज्य सरकारचा, पण हातात येईपर्यंत चार दारं. मुख्याध्यापक शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर बिल करतो, ते पंचायत समितीला जातं गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, तिथून जिल्हा परिषदेत, तिथे अर्थ विभाग. पण त्याआधी पुण्याहून संचालनालयाकडून तरतूद यायला पाहिजे. "बीडीएस निघालं नाही" (म्हणजे तरतूद ऑनलाइन वाटून आलेली नाही) हे वाक्य तिला पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळेल. एका शाळेचं बिल चुकलं की कधी कधी तालुकाच अडतो. आणि नवीन माणसाचा शालार्थ आयडी तयार होईपर्यंत पगार निघतच नाही. आता तर नागपूर विभागात बोगस आयडीचं प्रकरण २०२५ ला बाहेर आल्यापासून खऱ्या माणसाची कागदं पण दहादा तपासतात. म्हणून म्हणतो, जाताना तीन चार महिन्यांचे पैसे बरोबर देऊन पाठवा. भावाचं काम आहे ते.

आमच्या वेळी केंद्रावर रोख पगार व्हायचा. टेबलावर गड्ड्या, सही करायची, आणि बाहेर पतसंस्थेचा माणूस, एलआयसीचा माणूस, कापडवाला असे लायनीत उभे. दारातून बाहेर पडेपर्यंत निम्मा पगार वाटून व्हायचा. आता तेच सगळं ऑनलाइन कापून जातं, एवढाच बदल.

बाकावरचा_शेवटचा
गुरुजी कापडवाला आता मोबाईलमध्ये असतो.

टीईटीग्रस्त
सगळे पगाराचं बोलताय, इथे नोकरीचंच टेन्शन आहे. १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचला का? ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, पंचवीस वर्षं शिकवलेलं असलं तरी. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल पण प्रमोशन नाही. मी ५१ वर्षांचा आहे, मुलगी बीएड करतेय, आता बाप आणि लेक एकाच टेबलावर बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवतात. ती माझ्यापेक्षा जास्त मार्क काढते आणि वर समजावून सांगते.

करदाता_नाशिक
शिक्षकाने परीक्षा द्यायला काय हरकत आहे?

टीईटीग्रस्त
देतोय की. हरकत कुठे म्हटलं. भीती म्हटलं.

केंद्रीयवाला
मधेच एक टाकतो. केंद्रीय विद्यालयातला प्राथमिक शिक्षक ३५४०० मूळ वेतनापासून सुरू होतो, पहिल्या दिवसापासून, शिक्षणसेवक वगैरे भानगड नाही. महाराष्ट्राचा प्राथमिक शिक्षक तीन वर्षं मानधनावर आणि मग २९२००. वेतन आयोग सातवाच दोन्हीकडे. म्हणून "सातवा आयोग लागू" हे वाक्य ऐकून सगळे सारखे झाले असं समजू नका. आठव्याची चर्चा चालू आहे तर आमच्याकडे लोक आत्ताच फिक्सेशनच्या एक्सेल शीट फिरवतात, आमच्या झेडपीतल्या मेव्हण्याला अजून सातव्याच्या फरकाचा (थकबाकीचा) एक हप्ता यायचाय.

खडू_डस्टर
एक नाही, आमच्या जिल्ह्यात दोन राहिलेत. पाच हप्त्यांत देणार होते. दर महिन्याला ग्रुपवर एकच मेसेज, "शालार्थला टॅब आली का?" टॅब आली तर तरतूद नसते, तरतूद आली तर टॅब बंद.

पारनेरकर_चाकण
(साधारण साडेतीन महिन्यांनी परत येतोय, धागा वर काढल्याबद्दल माफ करा.)

बहीण रुजू झाली. जव्हार तालुक्यातच मिळालं, दोन शिक्षकी शाळा. मी स्वतः सोडायला गेलो होतो, एसटी जिथवर जाते त्याच्यापुढे शाळेच्या सरांची मोटरसायकल. खोली पाड्यावर नाही मिळाली, डोंगरपाडा सर तुम्ही म्हणाला होतात तसंच, मग जव्हारलाच दुसऱ्या दोन शिक्षणसेवक मुलींबरोबर राहते, तिघीत ४५०० भाडं. जाण्यायेण्याला शेअर जीप, महिन्याचे दोन हजार जातात. म्हणजे १६ मधले साडेतीन तिथेच गेले, जेवणखाण वेगळं.

गुरुजी, तुमचं ऐकून मी ३० हजार बरोबर दिले होते. बरं झालं. पहिले तीन महिने काहीच आलं नाही, आयडीचं काम चालू आहे एवढंच सांगायचे. परवा एकदम जमा झाले. तिने मला फोन केला की दादा ४८ आले, आणि मामा शेजारी बसले होते, ते फोन ऐकून सगळ्यांना सांगत सुटलेत की पोरीला ४८ हजार पगार झाला. मी काही बोललो नाही.

स्थळाचं तिने स्वतःच मिटवलं, म्हणाली जो आकडा विचारेल त्याला ऑर्डरची झेरॉक्स पाठव. दोघांना पाठवली, त्यातल्या एकाचा परत फोन आला नाही. दुसरा मुलगा पण शिक्षणसेवकच निघाला, रत्नागिरीला. तो म्हणाला मला माहितीये, माझे पण अजून आले नाहीत.

मोहोळची_मॅडम
अय्या! मग दोघांच्या आंतरजिल्हा बदलीचं बघावं लागेल, आणि बदली घेतली की सेवाज्येष्ठता शून्यापासून. त्याचा वेगळा धागा काढा, मी येते तिकडे.

डोंगरपाडा
सेवापुस्तक उघडलं का कार्यालयाने? पहिल्या पानाची झेरॉक्स घ्यायला सांगा, आजच.